सहावा बार

प्रिय भीमा,

पत्र लिहायला फार उशीर केला, माफ कर. लोक महिन्या-दोन महिन्यांच्या उशिराची माफी मागतात, माझा उशीर किल्लारीच्या भूकंपाच्या सालापासूनचा आहे. तुझा पत्ता गेल्या आठवड्यात मिळाला. आपल्या गावचा गोरक्षनाथ शेळ्या घेऊन कर्जतच्या बाजाराला गेला होता, तिथे त्याला तू भेटलास म्हणे. त्याने सांगितलं की तू सासरवाडीलाच घर बांधलंस, गुडघे दुखतात, पण चहा अजून बशीत ओतूनच पितोस. ऐकून बरं वाटलं. तो तुझा फोन नंबरही आणून देतो म्हणत होता, मीच नको म्हणालो. फोनवर तू नुसतं 'कोण?' म्हणालास तरी माझी वाचा बसेल. कागदावर निदान मला मधे कोणी थांबवणार नाही. हे पत्र आधी एकट्याने वाच. माझं अक्षर सातवीत होतं तिथेच राहिलं आहे. लागलं नाही तर दोनदा वाच, पण नातवंडांकडून वाचून घेऊ नकोस.

पत्र त्या विहिरीबद्दल आहे हे तू ओळखलं असशीलच. आपल्यासोबत विहिरी खोदणारा काकासाहेब जिच्यात गेला ती नेवाशाकडच्या माळावरची विहीर. त्याबद्दल मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती ऐकून तू माझं नाव टाकशील, या भीतीने मी इतकी वर्षं गप्प राहिलो, आणि आताही हात थेट तिथे जायला तयार नाही. विहिरीत उतरण्याआधी आपण दोर दोन-तीन वेळा ओढून बघायचो ना, तसं चाललंय माझं. तेव्हा आधी पुलाचं ऐक. पुलावाचून मी हे पत्र लिहिलंच नसतं.

बेलापूरकडच्या रस्त्यावर रेल्वेचं फाटक होतं, आठवतं ना? उसाच्या हंगामात तिथे ट्रॅक्टरांची रांग लागायची आणि आपण खाली उतरून विडी ओढायचो. त्या फाटकावर आता पूल होतोय. रस्ता वरून जाणार, गाड्या खालून. काम सुरू झालं तेव्हा मला काहीच उद्योग नव्हता. शेती पोरगा बघतो, घरात माझ्या काळज्यांना सगळे कंटाळलेले. गॅसचा कॉक बंद आहे का हे मी रात्रीत तीनदा बघतो, त्यावरून सूनबाई हसते. तर मी रोज त्या कामावर जाऊन उभा राहायचो आणि मला भीतीच वाटायची. पहिल्याच महिन्यात खांबासाठी रस्त्याच्या कडेला खड्डा घेतला. आपली विहीर लाजेल एवढा खोल. भोवती पत्रे लावले होते, पण एका कोपऱ्यात दोन हात जागा उघडी राहिली होती. मी सांगायला गेलो तर कोणी ऐकेना. मग मीच त्या उघड्या जागेत जाऊन उभा राहिलो. सकाळी नऊपासून. हर्षल नावाचे इंजिनिअर साहेब आहेत, ते म्हणाले, 'बाबा, जागा सोडा, कामाचा खोळंबा होतोय.' मी म्हणालो, 'सोडतो की. आधी हितं पत्रा लावा. बाराला शाळा सुटती.' ते वैतागून निघून गेले. मग एक मुलगी आली, डोक्यावर पांढरं हेल्मेट, वय सत्तावीस-अठ्ठावीस. तिने विचारलं, 'तुम्ही सकाळपासून इथे उभे आहात?' मी होय म्हणालो. 'कशासाठी?' मी म्हणालो, 'कोन पडू नये म्हनून.' ती माझ्याकडे बघतच राहिली. तिने तिथेच उभं राहून पत्रा लावून घेतला, आणि आठ दिवसांनी माणूस पाठवून मला कामावर बोलावलं. म्हणाली, 'इथे चाळीस माणसं काम करतात आणि काळजी करणारी मी एकटी आहे. तुम्ही या.'

ती मनवा मॅडम. तिचं काम काय, तर कामावरच्या आणि रस्त्यावरच्या कोणाला इजा होऊ नये हे बघायचं. बस्स, एवढंच. भीमा, मला ते पहिले काही दिवस खरंच वाटेना. काळजी करायची म्हणून माणसाला खुर्ची, गाडी आणि पगार! आपल्या वेळी काळजी केली की लोक शंकासूर म्हणायचे. कामावर घेण्याआधी डॉक्टरने माझे डोळे तपासले, कान तपासले. माझ्या मागे उभं राहून तो हळूच आकडे बोलायचा आणि मी ते पुन्हा म्हणायचो. शेवटी म्हणाला, 'बाबा, तुमचे कान अगदी उत्तम आहेत.' मला त्याच्याकडे बघवलं नाही. का ते पुढे कळेल.

मला दिलं काय, तर एक पोपटी चकाकणारं जाकीट, पिवळं हेल्मेट, एक लाल झेंडा आणि एक हिरवा. रस्ता जिथे कडेने वळवला आहे तिथे मी उभा राहतो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर येतात, गाणी एवढी मोठ्याने लावलेली की ड्रायव्हरला शिट्टी ऐकू येत नाही, म्हणून झेंडा. पहिल्या दिवशी जाकीट घालून घरून निघालो तर पारावरच्या लोकांनी विचारलं, 'भागवतराव, वरात कुनाची?' हसू दे. आता तेच लोक मोटारसायकल हळू करतात आणि 'रामराम साहेब' म्हणतात.

रोज सकाळी आठला सगळे गोलात उभे राहतात. मॅडम प्रत्येकाचं हेल्मेट, बूट, कमरेचा पट्टा बघते. मग आज कुठे काय काम आहे आणि त्यात माणूस कशाने मरू शकतो, हे सांगते. असंच सांगते, आडपडदा न ठेवता. मग विचारते, 'कोणाची झोप झाली नाही? कोणाचं घरी काही बिनसलंय?' मला पहिल्यांदा वाटलं, ही काय चेष्टा. पण एकदा समर्थ नावाच्या वेल्डरने हात वर केला. म्हणाला, 'मॅडम, बायकोसंगं भांडान झालंय, रातीपास्नं जेवलो न्हाई.' सगळे हसले. ती हसली नाही. तिने त्याला आधी वडापाव आणून खायला घातला आणि दिवसभर उंचावर चढू दिलं नाही, खाली बसून सळया मोजायला लावल्या. मी बघत राहिलो. उपाशी माणसाचा हात थरथरतो हे आपल्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कोणी विचारलंच नाही, आणि कोणी हात वर केला नाही.

आणि बिल्ले. ही गोष्ट नीट वाच, पुढे लागणार आहे. प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असतो, त्यावर फोटो आणि आकडा. माझा एकोणचाळीस. जिथे वरून काही पडू शकतं, त्या जागेच्या तोंडाशी एक तांबडी पाटी उभी केली आहे, तिला खिळे मारलेले. आत जाताना आपला बिल्ला त्या पाटीवर अडकवायचा, बाहेर आलं की काढून पुन्हा छातीला लावायचा. पाटीवर एक जरी बिल्ला असला तरी वर काही उचलायचं नाही. आणि ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. ते बघून मी रात्रभर विचार करत होतो. आपण विहिरीतल्या सुरुंगाचे बार मोजायचो, भीमा. माणसं आपण कधी मोजली?

आता त्या दिवसाचं सांगतो. फेब्रुवारी संपत आला होता. रुळांवर लोखंडी गर्डर ठेवायचा होता, सत्तर टनांचा. त्यासाठी रेल्वे दोन तास दोन्हीकडच्या गाड्या थांबवते, वरच्या तारेतला करंट बंद करते. त्याला ब्लॉक म्हणतात. तो ब्लॉक मिळायला चार महिने लागले होते. एक मिनिट जास्त मिळत नाही. दोन भल्यामोठ्या क्रेन आल्या होत्या. विहिरीतला दगड वर ओढणारी आपली यारी आठव आणि तिच्यासारख्या पन्नास एकावर एक उभ्या कर, तरी तेवढी उंची होणार नाही. बघायला आजूबाजूच्या गावांतून माणसं आली होती. त्यांना दोरीच्या मागे ठेवायचं काम माझं होतं.

ब्लॉक सुरू व्हायला अर्धा तास असताना मला दिसलं की एक म्हातारी डोक्यावर उसाच्या वाढ्यांचा भारा घेऊन गर्डरच्या बाजूने आत शिरली आहे. मी धावलो. पाटीवर बिल्ला अडकवला आणि तिला गाठलं. 'आजी, बाहेर चला, हितं लोखंड उचलायचंय.' ती म्हणाली, 'मी चाळीस वर्सं ह्याच वाटंनं जाती. तुमचा पूल काल आला.' तिला मागे फिरवणं शक्य नव्हतं. तिचं घर पलीकडे, जनावरं पलीकडे. मग मी तिचा भारा माझ्या डोक्यावर घेतला, हेल्मेटवरून तो सारखा घसरत होता, आणि तिला रुळांच्या पलीकडच्या बाजूने बाहेर काढलं. ती म्हणाली, 'देव तुमचं भलं करो, पर वाट अडवू नका.' तिकडून परत यायला मी रुळांखालच्या मोरीतून वळसा घेतला आणि थेट माझ्या दोरीपाशी येऊन उभा राहिलो. पाटी वाटेत आलीच नाही. तुला कळलं ना? मी बाहेर आणि माझा बिल्ला आत.

ब्लॉक सुरू झाला. शिट्टी झाली. क्रेनच्या तारा ताणल्या. मॅडमने पाटी बघितली आणि दोन्ही हात वर करून सगळं थांबवलं. मग भोंग्यावर तिचा आवाज आला, 'एकोणचाळीस नंबर. भागवत बाबा. असाल तिथून हात वर करा.' माझा हात छातीवर गेला. तिथे बिल्ला नव्हता.

मी हात वर केला नाही, भीमा. माझ्यापुढे शंभर-दीडशे माणसं होती, तिला मी दिसत नव्हतो. श्रीरामपूरच्या स्टेशनावर गाडी उभी, तिच्यात हजारभर माणसं, रेल्वेचे साहेब मनगटावरचं घड्याळ बघतायत, दोन क्रेन थांबलेल्या, आणि हे सगळं माझ्या विसरण्याने. वाटलं, आता मला हाकलतील. वाटलं, मॅडमची नोकरी जाईल. पारावरचे लोक हसतील. वाटलं, जरा थांबू, कोणीतरी तो बिल्ला काढून टाकेल आणि प्रश्न मिटेल. कोणी काढला नाही. समर्थ आणि दुसरा एक गडी गर्डरच्या खाली शिरून मला शोधायला लागले. लाकडी ओंडक्यांच्या मागे, खड्ड्यात, वाकून, पोटावर सरपटून. समर्थ हाका मारत होता, 'बाबा! ओ बाबा!' त्याचा आवाज फुटला होता. एखाद्याला आपण मेलेलं शोधतोय असं वाटायला लागलं की जसा फुटतो तसा. तो आवाज मी एकदा पूर्वी ऐकला होता, विहिरीच्या काठावर, तुझ्या तोंडून. मग मला राहवलं नाही. मी लाल झेंडा डोक्यावर धरला आणि ओरडलो, 'मी हितं हाय!'

चार मिनिटं गेली होती. नंतर त्यांनी वहीत लिहिलं म्हणून मला कळलं.

हर्षल साहेब म्हणाले, 'मॅडम, बाबा दिसले ना? काढा तो बिल्ला, वेळ चाललाय.' ती म्हणाली, 'ज्याचा त्याने.' एवढंच बोलली आणि पाटीजवळ उभी राहिली. मला चालत तिथवर जावं लागलं. दोनशे पावलं असतील. सगळे माझ्याकडे बघत होते. क्रेनवाला वरच्या काचेतून बघत होता. रेल्वेचे साहेब बघत होते. मी आयुष्यात एवढा हळू कधी चाललो नाही, आणि एवढ्या लोकांनी माझ्यासाठी कधी वाट बघितली नाही. सातवी पास माणूस, ना जमीन मोठी ना नाव मोठं, आणि त्याच्या एका पत्र्याच्या बिल्ल्यासाठी सत्तर टन लोखंड आणि एक आख्खी रेल्वे थांबलेली. बिल्ला खिळ्यातून निघेना. कोणी हसलं नाही. निघाला तेव्हा मॅडमने विचारलं, 'बाबा, तुम्ही ठीक आहात ना?' मला वाटलं होतं ती ओरडेल. ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

मग तिने रिकाम्या पाटीवरून एकदा हात फिरवला आणि शिट्टी दिली. गर्डर उचलला. आपली यारी कशी करकरायची, दोर कसा कण्हायचा, बादली कशी विहिरीच्या अंगाला आपटायची. इथे आवाज नाही. ते एवढं लोखंड जमिनीवरून सुटलं आणि वर जाऊ लागलं, आणि माणसांचं बोलणं आपोआप बंद झालं. त्याची सावली रुळांवरून सरकत गेली. एका टोकाला दोर धरलेली दोन माणसं, दुसऱ्या टोकाला दोन, आणि खाली कोणीच नाही. रिकामी जागा, भीमा. मी वर बघतच नव्हतो, मी त्या खालच्या रिकाम्या जागेकडे बघत होतो. एवढं मोठं काम चाललंय आणि त्याच्या खाली एक चिमणीसुद्धा नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं. ब्लॉक संपायला सात मिनिटं असताना गर्डर जागेवर बसला. थोड्या वेळाने खालून गाडी गेली. खिडकीतून एक बाई संत्र्याची सालं बाहेर टाकत होती. वर काय झालं याचा तिला पत्ताही नव्हता. मला वाटलं, असंच असायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोलात मॅडमने मला मधे बोलावलं. मी घरून निघतानाच जाकीट घडी करून पिशवीत घेतलं होतं, परत करायला. ती म्हणाली, 'बाबा, काल काय झालं ते सगळ्यांना सांगा.' मी सांगितलं, म्हातारी, भारा, मोरी, सगळं. तिने विचारलं, 'हाक ऐकल्यावर तुम्ही लगेच हात वर केला का?' मी म्हणालो, 'न्हाई.' 'का?' मी म्हणालो, 'भ्या वाटलं.' आता बोल बसणार म्हणून मी मान खाली घातली. तर ती सगळ्यांना म्हणाली, 'बाबांनी हे सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं. चूक माझी आहे. आत जायच्या वाटा दोन आणि पाटी एक.' त्याच दुपारी पलीकडच्या बाजूला दुसरी पाटी उभी राहिली. म्हातारीच्या वाटेसाठी पत्र्यांचा आडोसा करून वेगळा रस्ता दिला. आणि त्या गोलातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी चूक केली म्हणून नाही, सांगितली म्हणून. समर्थ माझ्याजवळ येऊन म्हणाला, 'बाबा, परत असं करू नका. माझा जीव गेल्ता.'

त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. सूनबाईला वाटलं, नोकरी गेली. मी चार मिनिटं गप्प राहिलो ते सांगून टाळ्या घेतल्या होत्या. उरलेलं कोणालाच सांगितलं नव्हतं.

आता विहीर. तू दगडातली भोकं सुरुंगाच्या दारूने भरायचास, वाती पेटवायचास आणि दोर धरून वर यायचास. मी काठापासून लांब, ट्रॉलीच्या आड बसून बार मोजायचो. जेवढे भरले तेवढे वाजले तरच कोणी खाली उतरायचं. एक जरी कमी पडला तर उद्यापर्यंत विहिरीकडे फिरकायचं नाही. हा आपला नियम होता आणि तो चांगला होता. त्या दिवशी तू वर येऊन सांगितलंस, 'सहा.' मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. चौथा जड वाजला. कधीकधी दोन बार एकदम उडायचे, त्याला आपण जोडबार म्हणायचो, तो असाच जड वाजायचा. मी जोडबार धरला आणि चार-पाच मोजले. मग आणखी एक वाजला, तो सहावा. पण माझ्या मनात लगेच आलं की चौथा जोड होता की एकटाच जड होता? मला कळलं नव्हतं, भीमा. खरंच कळलं नव्हतं. त्याच आठवड्यात मी दोनदा शंका काढून काम थांबवलं होतं आणि दोन्ही वेळा विहिरीत काही निघालं नव्हतं. काकासाहेब कमरेला दोर बांधत होता. तो ओरडला, 'शंकासूर, आज तरी सरळ आकडा सांग की!' सगळे हसले. तूही हसलास. मी म्हणालो, 'सहा!' मोठ्याने म्हणालो, शंका ऐकू येऊ नये म्हणून.

पुढचं तुला माहीत आहे. काकासाहेबाने खाली जाऊन दगडात पहार घातली आणि न वाजलेला बार तेव्हा उडाला. लोकांनी हिशोब सोपा केला. सहा वाजले आणि तरी एक उरला, म्हणजे भीमाने सात भरले आणि सहा सांगितले. भागवत मोजण्यात चुकेल हे कोणाला पटलंच नाही. जो माणूस उगाच शंका काढतो, तो चुकेल कसा? तू तीन दिवस सांगत होतास, 'मी सहाच भरले.' चौथ्या दिवशी तुझाच तुझ्यावर विश्वास राहिला नाही. तू काकासाहेबाच्या बायकोच्या, लंकाबाईच्या पायावर डोकं ठेवून म्हणालास, 'असतील वहिनी, सात असतील.' मी दाराशी उभा होतो. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी तुला गाव सोडताना एस.टी.पर्यंत पोचवायला आलो, तुझी वळकटी टपावर चढवली, आणि तेव्हाही बोललो नाही.

परवा मी लंकाबाईकडे गेलो. अंगणात चिंचा फोडत बसली होती. सगळं सांगितलं, जसं तुला लिहिलं तसंच. तिचा हात थांबला. मग म्हणाली, 'एवढं सांगायला तुमाला बत्तीस वर्सं लागली, भावजी?' मी म्हणालो, 'व्हय.' ती म्हणाली, 'भीमाभावजींनी माझ्या पायावर डोकं ठेवलं हुतं. मी पाय मागं घेतला हुता.' मग माझ्याकडे न बघता विचारलं, 'त्यांना कळवलं का?' मी म्हणालो, 'न्हाई. आधी तुमच्याकडं आलो.' तेव्हा ती चिडली. 'मग हितं काय बसलाय? उठा. आधी त्यांना लिव्हा. म्हनावं, लंकाबाईनं घरी बोलावलंय. तुमचं आन माझं काय ते मी नंतर बघीन.' म्हणून हे पत्र. तू सहाच भरले होतेस, भीमा. तुझा हात चुकला नव्हता, माझं तोंड चुकलं. आता हे पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखव, नातवंडांकडूनच वाचून घे, मोठ्याने. गावात मी सांगतोच आहे, पारावर बसून, विचारेल त्याला आणि न विचारेल त्यालाही. तू माफ कर असं मी म्हणत नाही, तेवढा माझा हक्क नाही. पण तुला हे पोचलं की नाही, हे कळेपर्यंत माझा बिल्ला त्या तांबड्या पाटीवर लटकलेलाच आहे. सोबत माझा पत्ता घातलेलं पोस्टकार्ड ठेवलं आहे. शिव्या लिहायच्या असतील तर लिही, जागा पुरली नाही तर मागे-पुढे लिही. काहीच लिहावंसं वाटलं नाही तर कोरं टाक. पण लवकर टाक, बाबा. मी रोज पोस्टमनच्या वाटेवर उभा आहे.

तुझाच,
भागवत